सोयाबीनचा भाव पडला की राज्यवाले केंद्राकडे बोट दाखवतात, केंद्रवाले राज्याकडे. जाब नेमका कुणाला विचारायचा?

दोघांनाही, पण वेगवेगळ्या गोष्टींचा. कुणाच्या हातात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, तोवरच सभेत दुसऱ्याचं नाव घेऊन सुटता येतं. शेतकऱ्याचं वर्षाचं गणित बुडतं तेव्हा ही टोलवाटोलवी संतापजनकच आहे.

हमीभाव केंद्र ठरवतं; 2025-26 साठी तो क्विंटलला 5,328 रुपये. खाद्यतेलावरचं आयात शुल्कही केंद्राचंच. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं आणि 2025 च्या मे अखेरीस, ऐन पेरणीच्या तोंडावर, परत 10 टक्क्यांवर आणलं. याचा जाब खासदाराला विचारा. मात्र ‘आम्ही शुल्क वाढवलं होतं’ हे उत्तर अर्धवट आहे. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं साधारण 18 किलो, बाकी बहुतेक पेंड. मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. त्यामुळे पेंडीचा उठाव मोडला की तेल महागूनही मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, भाव चढत नाही.

हमीभावाच्या खरेदीत पैसा आणि नियम केंद्राचे (नाफेड, एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था), पण नोंदणी, खरेदी केंद्रं, काटे, बारदाना (रिकामी पोती) हे सगळं राज्याच्या यंत्रणेनं हलवायचं असतं. मराठवाड्यात सोयाबीनची रास (मळणी) ऑक्टोबरात होते. 2025 साली लक्ष्मीपूजन होतं 21 ऑक्टोबरला आणि हमीभावाची खरेदी सुरू झाली 15 नोव्हेंबरला. दुकानदाराची उधारी आणि मजुरी तोवर थांबत नाही, म्हणून माल आधीच मोंढ्यात पडेल भावानं जातो. हा उशीर आमदाराला आणि पणनमंत्र्यांनाच विचारायचा.

सगळ्यात जास्त भांडण होतं ओलाव्यावरून. हमीभावाच्या खरेदीत मर्यादा 12 टक्के, ती केंद्राची. नोव्हेंबर 2024 मध्ये त्या हंगामापुरती 15 केली होती. 15 टक्के ओलावा असलेला 100 किलो माल 12 वर वाळवला तर 96.6 किलो भरतो, म्हणजे घट साडेतीन किलोच्या आत. 18 टक्के असेल तर घट साधारण 6.8 किलो. मोंढ्यात व्यापाऱ्यानं यापेक्षा जास्त कापलं तर ती ओलाव्याची घट नव्हे, सरळ लूट आहे.

माल ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन उन्हं द्या. थंड झाल्यावरच कट्टे भरा, कारण गरम दाण्यावर ओलावा मोजणारं मीटर चुकू शकतं. नमुना एकाच कट्ट्याच्या तोंडातून घेऊ देऊ नका. चार-पाच कट्ट्यांतून, वरून, मधून आणि तळातून घ्यायला लावा. माल परत पाठवला तर मीटरचा आकडा तारखेसह लिहून मागा.

आकडा लिहून देत नसतील किंवा बारदान्याअभावी काटा बंद असेल, तर लेखी तक्रार जिल्हा पणन अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. मर्यादाच वाढवून हवी असेल तर निवेदन खासदाराकडे, तेही रास व्हायच्या आधी, सप्टेंबरातच.