पूररेषेचं बिल राहू दे, आयोगाची नोटीस कधी हातात पडली ते आधी सांगा

गोव्यातल्या पेडण्याहून एका सर्व्हेयरसाहेबांचा लांबलचक मेसेज आलाय. प्रायव्हेट सर्व्हे करतात, मोजणीचं टोटल स्टेशन यंत्र आहे, उपग्रहावरून जागा मोजणारं डीजीपीएस भाड्याने आणतात. मार्च 2022 मध्ये शापोरा नदीच्या काठावरच्या एका प्लॉटचा कंटूर प्लॅन (जमिनीचा चढउतार रेषांनी दाखवणारा नकाशा) करून दिला, जमीनमालकाने तो लावून प्लॉट विकला, घेणाऱ्याने भराव टाकला, यंदाच्या पावसात प्लॉटवर कंबरभर पाणी. आता पूररेषेचा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती हद्द आखून आत काय बांधायचं ते ठरवणारा, कायदा येणार असं कुठेतरी वाचून ते घाबरलेत आणि विचारतायत की नवीन बिल आलं की आमचे जुने प्लॅन रद्द होणार का, लायसन्स लागणार का, जेल होणार का. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहावं तसं, एक ओळ: "ग्राहक आयोगाची पण एक नोटीस आली आहे, चवथीच्या चार दिवस आधी, त्याचं नंतर बघू म्हणून ठेवली आहे."

नंतर बघू!

साहेब, चवथ (गणेश चतुर्थी) ते दसरा म्हणजे साधारण छत्तीस दिवस. तुमचा मेसेज दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. म्हणजे तुम्ही मला लिहिलंत तेव्हाच चाळीसच्या वर दिवस झाले होते. तुमच्या नंबरवर मी लगेच कळवलंय, इथे लिहितोय ते यासाठी की गेल्या काही महिन्यांत सर्व्हेयर, ड्राफ्ट्समन, छोटे इंजिनियर यांचे अगदी याच चालीचे प्रश्न येतायत, कायदा येणार कायदा येणार म्हणून झोप उडालेली असते आणि खरा कागद घरी शोकेसमध्ये गणपतीच्या वर्गणीच्या पावत्यांखाली पडलेला असतो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 38. तुम्हाला तक्रारीची प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आयोगाने ठरवलं तर आणखी 15 दिवस, बस. एकूण 45. त्यानंतर एक दिवसही वाढवायचा अधिकार आयोगाला नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज या निकालात सांगून टाकलंय. तो निकाल जुन्या 1986 च्या कायद्यावरचा आहे पण नव्या कायद्यात मुदतीची भाषा तशीच आहे. सिव्हिल कोर्टात लोकांना सवय असते, आज वकील आजारी, उद्या कागद मिळाले नाहीत, कॉस्ट भरा आणि पुढची तारीख घ्या, दहा दहा वर्षं दावे लोळत पडतात ते आपण सगळे बघतोच, म्हणून सगळीकडे तसंच चालतं असं वाटतं. इथे नाही चालत. 45 गेले की तुमचं लेखी म्हणणं रेकॉर्डवर येतच नाही, समोरच्याने जे लिहिलं तेवढंच आयोगापुढे राहतं. शेवटी तोंडी युक्तिवाद करायची संधी मिळू शकते, पण तुमच्या बाजूचा कागदच नसेल तर युक्तिवाद कशावर करणार?

म्हणून पहिली गोष्ट, तो लिफाफा उघडा आणि आत नक्की काय आहे ते बघा. त्याच निकालात दुसरी गोष्टही सांगितलीय, मुदत सुरू होते ती नोटिशीबरोबर तक्रारीची प्रत मिळाल्यापासून, नुसत्या नोटिशीच्या कागदापासून नाही. तुम्ही लिहिलंय "एक पानी नोटीस". खरंच एकच पान असेल, तक्रार आणि सोबतचे कागद नसतील, तर तुमची घड्याळं अजून सुरू झाली नाहीत असं म्हणायला जागा आहे, पण ते घरी बसून म्हणायचं नाही, उद्याच्या उद्या आयोगात अर्ज देऊन प्रत मागायची आणि त्या अर्जावर शिक्का घ्यायचा. आणि प्रत आत असेल, आपण बघितलीच नव्हती असं निघालं, तर उत्तर आणि उशिराचं कारण सांगणारा मुदतवाढीचा अर्ज दोन्ही एकत्र, 45 च्या आत. शेवटच्या दिवशी आयोगाला सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी देऊ असा हिशेब करू नका, मूळ मुदतीबद्दल एक वेळ तो चालतो, वाढीव मुदतीला सुट्टीचा फायदा मिळत नाही असं सुप्रीम कोर्टाने वेगळ्या कायद्याखाली म्हटलेलं आहे, कशाला परीक्षा घ्यायची.

आता उत्तरात काय लिहायचं. तुम्ही प्लॅनचा फोटो पाठवलाय तो मी मोठा करून बघितला. कंटूर एक एक मीटरवर, टीबीएम (मोजणीपुरता धरलेला संदर्भबिंदू) नदीकडच्या मोरीच्या कठड्यावर लाल रंगाने, त्याची आरएल म्हणजे पातळी 100.000 धरलेली. इथपर्यंत ठीक, असे प्लॅन रोज होतात. पण खाली उजवीकडे, तुमच्या सही-शिक्क्याच्या डोक्यावर, एक दाखला आहे की सदर प्लॉट सखल नाही आणि पूरप्रवण क्षेत्रात येत नाही. हे तुम्ही कशावरून लिहिलंत हो? तुमची 100.000 म्हणजे समुद्रसपाटीपासून किती हे त्या प्लॅनवर कुठेच नाही. नदीचं पाणी किती वर चढतं हे तुम्ही मोजलेलं नाही. आणि तारीख मार्च 2022, म्हणजे जुलै 2021 ला तिळारी धरणाचं पाणी आणि वरचा पाऊस मिळून शापोराकाठच्या गावांत घरं बुडाली त्याला वर्षही झालं नव्हतं. गावातल्या शाळकरी पोराला विचारलं असतं तरी त्याने भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली असती. केस आहे ती या एका ओळीवर. लेव्हल दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे असत्या तर मी तुम्हाला निर्धास्त राहा म्हटलं असतं.

तुम्ही म्हणता ती ओळ एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून पाठवली आणि "सगळे घालतात" म्हणाला. तो मेसेज डिलीट करू नका. जबाबदारी त्याने जात नाही, सही तुमची आहे, पण ओळ कोणाला हवी होती आणि कशासाठी हे त्यातून दिसतं, आणि विकणारा व एजंट यांनाही पक्षकार करा असं म्हणायला आधार मिळतो. तुम्ही खरेदीदाराला पाठवलेला "चूक झाली सर, सांभाळून घ्या" हा मेसेज मात्र नसता तर बरं झालं असतं. यापुढे त्याला फोन नको, मेसेज नको, माणूस मध्ये घालणं नको.

बचावाचे बाकीचे मुद्दे आहेत, पण त्यातला एकही हुकमी आहे असं मी म्हणणार नाही. मुदत: कलम 69 प्रमाणे तक्रार दोन वर्षांत हवी. प्लॅनच्या तारखेपासून धरली तर तक्रार बाद, पाणी आलं तेव्हा कारण घडलं असं धरलं तर जिवंत. समोरचे पाणी आलं तेव्हापासूनच धरणार, आणि उशीर माफ करायचा अधिकार तिथे आयोगाला आहे, गंमत बघा, ती सवलत तक्रारदाराला आहे आणि तुम्हाला नाही. दुसरं, पैसे तुम्हाला विकणाऱ्याने दिले, मग घेणारा तुमचा ग्राहक कसा? कायद्यात सेवेचा लाभ घेणाराही येतो, पण पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेतली असेल तर, त्यामुळे भांडायला वाव आहे. तिसरं, घेणाऱ्याने तिथे व्हिला बांधून भाड्याने द्यायचा बेत केला असेल तर व्यापारी हेतू म्हणून आक्षेप घेता येतो, मोपा विमानतळ झाल्यापासून पेडण्यातले निम्मे खरेदीदार त्यासाठीच येतात. बेताचा पुरावा शोधा, जाहिरात, पंचायतीतला अर्ज, काही तरी.

आणि भराव. टीसीपीने म्हणजे नगर नियोजन खात्याने त्याला त्यांच्या कायद्याच्या कलम 17-ए ची नोटीस दिलीय असं तुम्ही लिहिता. सखल जमीन बुजवायला मुख्य नगर नियोजकांची आधी लेखी परवानगी लागते, ती त्याने घेतली नसेल तर तो त्याचा प्रश्न, तुमच्या गळ्यात येत नाही. उलट तुमचा फायदा असा की आज त्या प्लॉटवर जी पातळी आहे ती तुम्ही मोजलेली नव्हेच, आणि पाणी जायची वाट भरावाने अडली का हेही तपासावं लागेल. आयोगाकडे स्थानिक पाहणी मागा. उपग्रहाचे जुने फोटो तारखेसकट काढून ठेवा. पण जपून, समोरचा विचारेल की जमीन सखल नाही असं तुम्हीच लिहून दिलंत ना, मग परवानगी कशाला मागू? परत तीच ओळ.

कच्चा डेटा कुठे आहे? तुम्ही म्हणता लॅपटॉप फॉरमॅट मारला. अहो, सर्व्हेयरने फील्ड बुक आणि रॉ फाइल टाकून द्यायची म्हणजे काय! इन्स्ट्रुमेंटच्या मेमरीत, पेनड्राईव्हवर, ऑटोकॅडवाल्या पोराच्या मेलमध्ये, कुठेतरी असेल ते शोधा. सापडलं तर उघडून सेव्ह करत बसू नका, आहे तसं ठेवा, कारण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर दोन भागांचा दाखला लागतो, एक भाग तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, द्यावी लागते. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत सिव्हिल कोर्टाइतका ताणत नाही, पण प्रकरण वर गेलं तर तुम्हाला ते लागेल.

राहिलं तुमचं बिल. पाणी, निचरा, बांध हे राज्यसूचीतले विषय, म्हणून केंद्र फक्त कायद्याचा नमुना करून देऊ शकतं. पूरक्षेत्र आखणीचा नमुना केंद्रीय जल आयोगाने 1975 मध्येच राज्यांना पाठवला, मणिपूरने 1978 मध्ये कायदा केला, उत्तराखंडने 2012 मध्ये, बहुतेक राज्यं नुसती फाईल हलवत बसली. आपल्या गोव्यात तुम्ही प्लॅन केलात तेव्हा असा वेगळा कायदा नव्हता. उद्या आला तरी मागच्या सहीबद्दल नवा गुन्हा लावता येत नाही, घटनेचं कलम 20 आडवं येतं. लायसन्सचं म्हणाल तर केंद्राने 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय माणसाला आणि कंपनीला नकाशे, मोजणी करायला आधी परवानगी घ्यायची अटच काढून टाकली. परवानगी गेली, जबाबदारी तिथेच आहे. आणि हद्दीचा वाद झाला की तुमचा प्लॅन कितीही सुंदर असो, सर्व्हे खात्याच्या मोजणीपुढे तो टिकवणं कठीण, ते नवीन नाही.

असा कायदा आला तर तुमच्या धंद्यात खरा फरक कुठे पडेल ते सांगतो. नमुन्यात पूरक्षेत्राचा सर्व्हे सरकारने नेमलेलं प्राधिकरण करतं, हद्द राजपत्रात जाहीर होते आणि मग त्या हद्दीत काय बांधायचं काय नाही ते ठरतं. ती हद्द पाण्याच्या पातळीवरून, समुद्रसपाटीच्या मीटरमध्ये येणार. पलीकडे महाराष्ट्रात निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांच्या, तसं काहीतरी धरा. मोरीवर 100.000 लिहिलेला प्लॅन त्या रेषेशी जुळवताच येत नाही, आणि एक मीटरच्या कंटूरवरून कोणाचं घर रेषेच्या आत की बाहेर हे सांगता येत नाही, पूरक्षेत्राच्या नकाशांना 0.3 ते 0.5 मीटरचे कंटूर लागतात. रेषा चुकली म्हणून हरकत घ्यायला भाटकार (जमीनदार) आणि घरवाले तुमच्याकडेच धावणार, हरकतीची जी मुदत असेल तिच्या शेवटच्या दिवशी, आणि तेव्हा परत कोणीतरी म्हणेल की साहेब एक ओळ घालाच. धरण सुरक्षा कायदा 2021 मुळे धरणाच्या आपत्कालीन आराखड्यात पुराने कुठला भाग बाधित होईल तेही दाखवावं लागतं, म्हणजे तिळारीखालच्या जमिनीबद्दल तुमच्या प्लॅनशेजारी दुसरा सरकारी कागद उभा राहू शकतो.

तेव्हा आजपासून प्रत्येक प्लॅनवर बेंचमार्क कुठला, कुठल्या पातळीशी जोडला, मोजणी कधी केली हे घाला, आणि त्याखाली साधं वाक्य: हा प्लॅन मोजणीच्या दिवशीचा जमिनीचा चढउतार दाखवतो, पूरपातळीबद्दल मत दिलेलं नाही. ते वाक्य बघून गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर जाऊ दे.

सकाळी येताना नोटीस, प्लॅनची मूळ प्रत, एजंटाचे मेसेज असलेला फोन आणि फीचा काही पुरावा आणा, पावती दिली नाहीत ते कळलंय, निदान गूगल पे चं बघा. आणि नोटिशीचा लिफाफा टाकला नसेल तर तोही, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख त्याच्यावरच असते.