गेट सोडायचं नाही

प्रिय बेटा,

परवा तू बोललीस ते डोक्यातून जात नाहीये. "काकू, आपण ज्यांना मत देतो ते विकले जातात, आणि जे विकले जात नाहीत ते निवडून येत नाहीत. मतदार यादीतून नावच काढून टाकते मी." एवढं बोलून तू उठलीस आणि गेलीस. माझं उत्तर ऐकायला थांबली नाहीस, म्हणून आता वाचावं लागेल.

आपलं राजकारण डावं का, ते तुला समजावायची गरज नाही. ते तुझं तुला कळलंय. मला बोलायचंय ते फक्त तुझ्या निराशेबद्दल. ती खरी आहे, पण तिची दिशा चुकलीय.

13 मे 2024 ला, लोकसभेच्या मतदानात, इथे इंदूरमध्ये तू नोटा दाबलंस, म्हणजे 'वरीलपैकी कुणी नाही'. तुझ्यासारख्या 2,18,674 जणांनी दाबलं. 29 एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला, तेव्हा या शहराला राग येणं रास्तच होतं. त्याआधी एका मतदारसंघात नोटाचा देशातला उच्चांक होता बिहारमधल्या गोपालगंजचा, 2019 चा, 51,660 मतांचा. आपण त्याच्या चौपटीवर गेलो. आणि झालं काय? भाजपचे उमेदवार 11,75,092 मतांच्या फरकाने निवडून आले. नोटा पहिल्या नंबरवर असता तरी जिंकला उमेदवारच असता, कारण 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ते बटण आलं खरं, पण ते मोजलं जातं, त्याने कुणी हरत नाही.

यावरून तू निष्कर्ष काढलास की मताला किंमत नाही. मी त्या रात्री वेगळाच विचार करत बसले होते. दोन लाख माणसं एकाच गोष्टीवर एकाच दिवशी चिडली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतलं कुणी कुणाला शोधत आलं नाही. परदेशीपुऱ्यातला माणूस रामबागेतल्याला भेटला नाही. राग भरपूर होता, त्याला उभं राहायला गेट नव्हतं.

माझे वडील इथल्या एका कापड गिरणीत होते. पाळी सुटली की गेटवर सभा. भोंगा वाजला की लोक बाहेर येणार, वक्ता स्टुलावर चढणार आणि आदल्या आठवड्यात काय मागितलं होतं, त्यातलं काय मिळालं, ते आधी सांगणार. भाषण त्यानंतर. होमी दाजी त्या गेटांमधून वर आले. पारशी वकील, कम्युनिस्ट, आणि मालव्यातल्या, उत्तर प्रदेशातल्या, खानदेशातल्या कामगारांनी त्यांना 1957 मध्ये विधानसभेत आणि 1962 मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. इंदूरमधून! आज ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. तुमच्या पिढीला वाटतं की तेव्हाची माणसंच वेगळी होती, नेते चारित्र्यवान होते. दाजी मोठे होतेच, त्यात वाद नाही. पण दाजींना रोज कुणीतरी गेटवर विचारत होतं, हे विसरू नकोस. प्रतिनिधी नीट राहतो तो त्याला विचारणारे रोज समोर असतात म्हणून. गेट ओस पडलं की चांगला माणूसही सैल होतो. हे मी पाहिलंय, अगदी जवळून, आपल्याच बाजूच्या माणसांत पाहिलंय.

आता इथल्याच हुकुमचंद मिलचं घे. 12 डिसेंबर 1991 ला ती बंद पडली. 5,895 कामगार. 2007 मध्ये हायकोर्टाने देणं ठरवलं 229 कोटी, हातात आले थोडेच. पुढे किती सरकारं आली आणि गेली. दर निवडणुकीत सगळ्या पक्षांनी त्या कामगारांना शब्द दिला. कितीतरी जण वाट बघत गेले, त्यांच्या बायका म्हाताऱ्या झाल्या, मुलं रिक्षा चालवू लागली, आणि तरी ती माणसं दर रविवारी मिलच्या गेटवर जमत राहिली. यंत्रं भंगारात गेली तरी जमत राहिली. शेवटी 25 डिसेंबर 2023 ला 224 कोटींचा चेक निघाला. श्रेय कुणी घेतलं, फोटो कुणाचे छापले, ते सोड. मला एवढंच दिसतं की बत्तीस वर्षं त्या लोकांनी गेट सोडलं नाही. सोडलं असतं तर ती फाइल कधीच बंद झाली असती आणि जमिनीवर दुसरंच काही उभं राहिलं असतं.

तू म्हणशील, बत्तीस वर्षं! हा विजय आहे का? नाही. मला त्याचा फार त्रास होतो. मी बँकेत नोकरीला होते, युनियनमध्ये होते, त्या रविवारच्या बैठकांना जात असे, आणि दर वेळी समोरच्या सतरंजीवर एक-दोन जागा रिकाम्या दिसायच्या. ज्यांना पैसे मिळायला हवे होते ते मिळेपर्यंत जगले नाहीत, हे दुःख कुठल्याही चेकने भरून निघत नाही. पण मला सांग, नाव काढून टाकून तू त्यातलं काय बदललं असतंस?

आपल्या पक्षांवरही तुझा राग आहे. असायलाच हवा. 2004 मध्ये डाव्यांचे साठच्या आसपास खासदार होते, त्यांच्या पाठिंब्यावर दिल्लीचं सरकार उभं होतं. त्याच काळात माहितीचा अधिकार आला, रोजगार हमीचा कायदा आला, 2006 मध्ये वनाधिकार कायदा आला. हे लहान काम नव्हतं. आणि त्याच काळात, 14 मार्च 2007 ला, डाव्यांचंच सरकार असलेल्या बंगालमध्ये नंदीग्रामला पोलिसांच्या गोळीबारात 14 माणसं मेली. शेतकरी, गरीब. मी इथल्या एका बैठकीत उठून विचारलं की याचं उत्तर आपण देणार की नाही. त्यानंतर बरीच वर्षं मला बैठकांचं बोलावणं आलं नाही. मी तरी जात राहिले. बोलावणं येईपर्यंत थांबणाऱ्यांतली मी नाही. आपल्या माणसाला विचारायचं नाही आणि परक्याला शिव्या द्यायच्या, याला मी निष्ठा मानत नाही. गेट आपल्या घरालाही असतं.

2024 च्या लोकसभेत डावे आठ आहेत. मोजायला फार वेळ लागत नाही.

आणि सांवेर? मार्च 2020 मध्ये मध्य प्रदेशातल्या काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले आणि पंधरा महिन्यांचं सरकार पडलं. त्यांत आपल्या शेजारचे सांवेरचे आमदार होते. पक्षांतरबंदी कायदा 1985 पासून आहे, पण राजीनामा देऊन पुन्हा उभं राहणाऱ्याला तो अडवत नाही. नोव्हेंबरमध्ये पोटनिवडणूक झाली, आणि सांवेरच्या लोकांनी त्याच माणसाला दुसऱ्या चिन्हावर निवडून दिलं. तू म्हणतेस लोक मूर्ख आहेत. असं पुन्हा माझ्यासमोर म्हणू नकोस. त्या गावांतल्या किती घरी आपल्यापैकी कुणी एप्रिल ते ऑक्टोबर गेलं होतं? ज्यांच्या दारात आपण उभे राहत नाही, त्यांनी आपल्या मनासारखं मत द्यावं अशी अपेक्षा कशी करायची?

घरचे मला म्हणतात, आयुष्यभर हरणाऱ्यांना मत दिलंस, काय मिळालं? मला जिंकणाऱ्यांच्या बाजूला बसायची संधी आली नव्हती असं नाही. एकदा महापालिकेचं तिकीट घरी चालून आलं होतं, चिन्ह तेवढं बदलायचं होतं. मी नाही म्हटलं आणि आजही नाहीच म्हणेन. माझ्या मताने उमेदवार जिंकला नसेल, पण युनियनमध्ये आम्ही ज्या सफाई कामगारांना कायम करून घेतलं, त्यांच्या मुली आज शिकून नोकरीला लागल्यात. ते काम नुसतं मत पेटीत टाकून झालं नव्हतं, ते वर्षानुवर्षं व्यवस्थापकाच्या दारात उभं राहून झालं होतं. मतदान त्यातला एक दिवस. फक्त एक. पण तोही सोडायचा नाही, कारण दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात मत आहे हे आतल्याला ठाऊक असावं लागतं.

तुला हे सगळं जुन्या बाईचं पुराण वाटेल. म्हणून तुझंच सांगते. डिसेंबर 2024 मध्ये मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या कार्यालयाबाहेर तुम्ही मुलं थंडीत रात्रभर रस्त्यावर बसलात. मुख्य परीक्षेच्या उत्तरपत्रिका दाखवा, ओबीसी आरक्षणाच्या वादामुळे 87 टक्के जागांचा निकाल लावायचा आणि 13 टक्क्यांचा रोखायचा, या भानगडीत अडकवलेले निकाल मोकळे करा, या तुमच्या मागण्या. भंवरकुआँच्या खोल्यांमधून, रीवा, खरगोन, बालाघाटहून आलेली मुलं. कुणी उमेदवार नव्हता, तिकीट नव्हतं, तरी मुख्यमंत्र्यांना तुमच्या प्रतिनिधींना भेटावं लागलं. तू तिथे होतीस! मला रात्री फोन करून ओरडून सांगत होतीस. मग आश्वासनं मिळाली, तुम्ही उठलात आणि जो तो आपापल्या खोलीत जाऊन अभ्यासाला लागला. पुढच्या महिन्यात कोणती मागणी पुरी झाली, कोणती लटकली, ते विचारायला कोण गेलं? मला याचाच राग येतो बेटा, तुझ्या नोटाचा नाही.

तर असं कर. त्या रात्री शेजारी बसलेल्या मुलांपैकी ज्यांचे नंबर तुझ्याकडे असतील त्यांना गोळा कर. पाच आले तरी चालेल. दिलेल्या आश्वासनांचा कागद काढ आणि एकेका ओळीवर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर अपील. अर्ज हिंदीत लिही, नीट लिही, तुझं अक्षर फार गिचमिड आहे. उत्तरं आली की ती घेऊन आमदाराकडे जायचं, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, आणि दर महिन्याला त्याच तारखेला जायचं. महापालिकेची निवडणूक 2027 मध्ये आहे. तोवर तुमच्या वॉर्डाच्या पार्षदाला तुमचे चेहरे पाठ झाले पाहिजेत.

मतदार यादीतलं नाव तसंच ठेव. खोली बदललीस तर पत्ता बदलायचा फॉर्म भर. पहिल्या अर्जाचा मसुदा रविवारी घेऊन ये, मी दहाच्या आत घरीच आहे, नंतर मला बैठकीला जायचंय.

तुझी,
काकू