शिबिरातल्या तपासणीत मित्राची एचआयव्ही चाचणी ‘रिॲक्टिव्ह’ आली, आता पुढे काय?

तुमचा मित्र 21 वर्षांचा, गे, पुण्यात रूमवर राहतो आणि घर लातूरकडे. संस्थेच्या शिबिरात बोटातून रक्त घेऊन केलेली चाचणी रिॲक्टिव्ह आली, पण सरकारी दवाखान्यात जायला तो तयार नाही, असं तुम्ही लिहिलंय.

रिॲक्टिव्ह म्हणजे लागणीचा संशय, आणि ही प्राथमिक चाचणी आहे, हे त्याला आधी सांगा. पट्टीवर रक्ताचा थेंब, वर बफर (चाचणीचं द्रावण), आणि पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी रेघ दिसते का ते पाहायचं. रेघ फिकट असली तरी रिॲक्टिव्हच धरतात, कारण लागण झालेला एकही माणूस सुटू नये असा हेतू असतो. म्हणूनच या एका किटवर कोणी ‘पॉझिटिव्ह’ म्हणत नाही. पक्कं निदान आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात होतं. तिथे शिरेतून रक्त घेऊन तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात, आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह. निकाल जुळले नाहीत तर काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. पैसे लागत नाहीत, रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतो.

पोरं गळतात ती शिबिर आणि आयसीटीसीच्या मधल्या दिवसांत. आयसीटीसीला जायची चिठ्ठी पाकिटात राहते, सोमवारी जातो म्हणतात, आणि भीतीपोटी शिबिरात नंबर चुकीचा दिलेला असल्यामुळे संस्थेलाही गाठता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे, त्याला एकट्याला पाठवू नका. संस्थेच्या ओआरडब्ल्यूला (वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्याला) किंवा पिअरला (समाजातल्याच साथीदार कार्यकर्त्याला) सोबत न्या. कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा, समुपदेशक किती वाजता भेटतात, हे त्यांना पाठ असतं. नंबर खरा द्या, आणि फोन कधी करायचा, घरी संपर्क नको, हे समुपदेशकांना स्वतःहून सांगा. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार, ठरावीक अपवाद सोडले तर, लेखी संमतीशिवाय त्याची माहिती कुणाला देता येत नाही. तो 18 वर्षांवरचा आहे, म्हणजे चाचणीला आईवडिलांची सही लागत नाही.

पॉझिटिव्ह निघाला तर एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात नाव नोंदवायचं. आधारवर लातूरचा पत्ता आहे म्हणून गावी जायची गरज नाही, राहतो तिथल्या सेंटरला नोंदणी करा. पुढे गाव बदललं तर ट्रान्सफर घेता येते. टीबीची लक्षणं, सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या), लिव्हर, किडनी, कावीळ बी आणि सी, सिफिलिस हे सगळं तपासतात. सीडी4 चा आकडा यायची वाट न पाहता गोळ्या सुरू करता येतात, तब्येत ठीक असेल तर आठवड्याच्या आत. खोकला, ताप, वजन घटणं किंवा सतत डोकेदुखी असेल तर मात्र लपवू नये. काही वेळा आधी त्या आजाराचे उपचार करावे लागतात.

सहसा टीएलडी ही तीन औषधं एकत्र असलेली, दिवसाला एकच गोळी देतात. ॲसिडिटीचं अँटासिड, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर टीएलडी त्याआधी 2 तास किंवा नंतर 6 तासांनी घ्यायची, नाहीतर तिच्यातलं डोल्यूटेग्राव्हिर हे औषध नीट शोषलं जात नाही. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची तपासणी होते. हा आकडा 200 च्या खाली टिकून राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळायला हवं.

जोडीदार असेल तर त्याचीही चाचणी करा. मागच्या 72 तासांत कंडोमशिवाय संबंध आला असेल तर त्या जोडीदारासाठी 28 दिवसांच्या पीईपीबद्दल (लागण टाळण्यासाठी संबंधानंतर घ्यायच्या गोळ्या) आजच डॉक्टरांना विचारा. जवळचं आयसीटीसी माहीत नसेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर मोफत फोन करा, नाव न सांगता विचारता येतं.