व्हॉट्सॲप ग्रुपवरील माहितीच्या भडिमाराला कसे तोंड द्यावे?

सोसायटी, शाळा, नातेवाईक, कार्यालय असा प्रत्येकाचा वेगळा ग्रुप असताना सगळे वाचून काढण्याचा हट्ट आधी सोडावा. ज्या ग्रुपमधून बाहेर पडणे नात्यामुळे अवघड असते (आत्याबाईंचा लगेच फोन येतो), तो अर्काइव्ह करावा, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला ठेवावा. २०२१ मधील बदलानंतर नवा संदेश आला तरी असा ग्रुप यादीत पुन्हा वर येत नाही. अनेकदा पुढे पाठवल्याची खूण असलेला दुहेरी बाणाचा संदेश किमान पाच हातांतून फिरून आलेला असतो, आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. औषधोपचार किंवा सरकारी योजनांविषयीचा असा मजकूर मी वाचतच नाही, कारण गरज पडल्यास खात्रीची माहिती संबंधित खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. शाळेच्या ग्रुपचा आवाज मात्र बंद करू नये, कारण पावसामुळे जाहीर झालेली सुट्टी बहुधा तिथेच कळते.