नवऱ्याच्या गोल्ड कार्डावरची जास्तीची बॅग सासूबाईंना मिळेल का?

सासूबाईंना नाही मिळणार. तुमच्या मिस्टरांना मिळेल, आणि तेवढ्यावर तुमचं काम भागतं.

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांकडे ऑफिसच्या फिरतीमुळे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचं गोल्ड कार्ड आहे, ते आणि सासूबाई मुंबईहून अमेरिकेला एकाच विमानाने निघालेत, मिस्टरांचं तिकीट कंपनीने काढलंय आणि सासूबाईंचं तुम्ही, म्हणजे बुकिंगचे नंबर (पीएनआर) दोन. नणंदेच्या बाळंतपणाचं सामान दोन बॅगांत मावत नाहीये. ते मावणारही नाही. डिंक, खारीक पूड, अळीव, बाळाची दुपटी आणि वर "असू दे गं" म्हणून टाकलेलं सगळं, हे दोन बॅगांत बसवलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

आता नियम. गोल्डवाल्याला जिथे सामान किलोवर मोजतात तिथे 20 किलो जास्त, आणि जिथे नगावर मोजतात तिथे एक नग जास्त. अमेरिकेच्या मार्गावर बहुधा नगाचा हिशेब असतो. इकॉनॉमीत साधारण 23 किलोचे दोन नग धरा (तिकिटावर काय छापलंय ते मात्र बघाच, हल्ली एकाच विमानात चार प्रकारची भाडी असतात). म्हणजे मिस्टरांचे तीन, सासूबाईंचे दोन. ऑफिसच्या कामाला जाणारा माणूस नेतो किती? चार शर्ट आणि लॅपटॉप. त्यांचे दोन नग तसेही मोकळेच आहेत. सासूबाईंची तिसरी बॅग मिस्टरांनी स्वतःची म्हणून काउंटरवर ठेवायची, टॅग त्यांच्या नावाचा निघेल, झालं. कार्डावरचा हक्क कुणाच्या नावे करायची गरजच पडत नाही.

गंमत अशी की हा हक्क सगळीकडे एकट्याचा नसतो. युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या अमेरिकन कंपन्या कार्डवाल्याच्या सोबत्यांनाही मोफत बॅग देतात, पण सोबती एकाच बुकिंगमध्ये हवेत. तुमचे पीएनआर दोन, तेव्हा तो दरवाजा बंद. दोन पीएनआर एकमेकांना जोडून द्या असं एअरलाइनला सांगता येतं, पण त्याने फक्त "ही माणसं बरोबर आहेत" अशी नोंद होते. सवलत एका तिकिटावरून दुसऱ्यावर जात नाही. आखाताकडे वेगळी तऱ्हा. एमिरेट्समध्ये दुबईला जाताना किलो चालतात आणि त्यांच्या स्वतःच्या सिल्व्हर कार्डाला 12, गोल्डला 16, प्लॅटिनमला 20 किलो जास्त. किलोच्या मार्गावर एकाच बुकिंगमधली माणसं एकत्र चेक-इन करत असतील तर बऱ्याच कंपन्या सगळ्यांचं वजन मिळून बघतात. एकाची बॅग 34 किलोची झाली तरी चालेल असा मात्र त्याचा अर्थ नाही. एका नगाला 32 किलोची मर्यादा जवळपास सगळीकडे असते, कारण ती बॅग शेवटी कुणीतरी हाताने उचलतो.

नगाच्या मार्गावर किलो इकडचे तिकडे होत नाहीत, हे मी स्वतःची फजिती करून शिकलो. तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन बहिणीकडे न्यू जर्सीला निघालो होतो. कार्ड माझं. आईच्या एका बॅगेचं वजन भरलं 26.4 आणि दुसरीचं 19. मी हुशारीने म्हणालो, "मॅडम, दोन्ही मिळून 45.4 होतात, आम्हाला 46 चालतात ना?" काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, प्रत्येक बॅग 23." मग रांगेच्या बाजूला फरशीवर बॅगा उघडल्या. वर दोन इरकली साड्या, खाली स्टीलचे डबे, प्रत्येकाला वर्तमानपत्राचा कागद, त्यावर पांढरी चिकटपट्टी आणि आईच्या अक्षरात "भाजणी", "मेतकूट", "गोडा मसाला, तिखट!". मागच्या रांगेतल्या एका काकांनी "वहिनी, भाजणी घरची का?" असं विचारलंही. आई तिथेच कृती सांगायला लागली. साडेतीन किलो सामान हलवलं, एक 22.9 आणि एक 22.5. कार्डावर मिळालेला माझा जास्तीचा नग त्या दिवशी वापरलाच गेला नाही, कारण तो भरायची बॅग ठाण्याला माळ्यावर होती.

परतीच्या वेळी मात्र शहाणा झालो आणि बहिणीने दिलेलं सामान तिसऱ्या बॅगेत घालून माझ्या नावावर टाकलं. ती बॅग मी भरली नव्हती. मुंबईला उतरल्यावर एक्स-रे लावून कस्टम्सवाल्याने विचारलं, "यात हे काय आहे?" मी आईकडे बघितलं. आईने व्यवस्थित सांगितलं, पण प्रश्न माझ्या नावाच्या टॅगला होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून मिस्टरांना ती बॅग भरताना समोर बसवा. "बॅग तुम्हीच भरलीत का?" हे विचारलं जातं आणि "हो" म्हणताना ते खरं असलेलं बरं.

टॅगवर ज्याचं नाव, बॅग त्याची, याचे आणखी दोन परिणाम आहेत. काही कारणाने मिस्टर आयत्या वेळी विमानात चढलेच नाहीत, तर त्यांच्या नावाच्या बॅगाही आंतरराष्ट्रीय विमानातून उतरवतात. मग सासूबाई पुढे आणि डिंक मुंबईत. आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर पुढची फ्लाइटही दोघांची एकच आहे ना ते बघा, नाहीतर ती बॅग मिस्टरांच्या मागे जाईल.

दुसरं भरपाईचं. माँट्रियल करार या विमानप्रवासाच्या भरपाईच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार (भारत त्यात 2009 पासून आहे) बॅग हरवली तर जास्तीत जास्त 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. हा आकडा 28 डिसेंबर 2024 पासूनचा. तो माणशी आहे, बॅगेमागे नाही. तीन बॅगा मिस्टरांच्या नावावर असतील तरी मर्यादा एकच. मग सासूबाईंच्या वस्तूंचं काय? युरोपच्या न्यायालयाने 2012 मध्ये यावर निकाल दिलाय. बार्सिलोनाहून पॅरिसला निघालेल्या चौघांच्या कुटुंबाच्या दोन बॅगा हरवल्या होत्या. न्यायालय म्हणालं, दुसऱ्याच्या नावाच्या बॅगेत आपलं सामान होतं हे सिद्ध केलं तर त्याच विमानातला प्रवासी स्वतःची भरपाई मागू शकतो. हा निकाल युरोपातला, आपल्याकडे तो बंधनकारक नाही. पण "सिद्ध केलं तर" हे सगळीकडे लागतं, तेव्हा बॅग बंद करण्यापूर्वी उघड्या बॅगेचा फोनवर एक फोटो काढा. बॅग फुटली तर तक्रार 7 दिवसांत, उशिरा मिळाली तर 21 दिवसांत, आणि लेखी. दागिने, औषधं, सासूबाईंची कागदपत्रं हातातल्या बॅगेत.

निघण्यापूर्वी एवढं करा. कार्डाचा नंबर कंपनीने काढलेल्या तिकिटात घातलाय का ते बघा, ट्रॅव्हल डेस्कवाले हमखास विसरतात. बोर्डिंग पासवर "स्टार गोल्ड" छापून आलं पाहिजे. दोघांनी काउंटरवर एकत्र जा. गोल्डच्या रांगेतून बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाला सहसा कुणी परत पाठवत नाही. आणि लाउंजमध्ये मिस्टरांना एक पाहुणा नेता येतो, म्हणजे तिथे तरी कार्डाचा फायदा सरळ सासूबाईंना. चहा बरा असतो, पोहे विचारू नका.

अडकवून वजन करायचा छोटा डिजिटल काटा घ्या, फार महाग नसतो. आणि 23 पर्यंत भरू नका, साडेबावीसला थांबा. घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांचं एकमत मी तरी कधी पाहिलेलं नाही.