पूल निळाशार, तरी डास: आधी बॅलन्सिंग टँकचं झाकण उघडा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कर्जतजवळ शेतघर, 8 बाय 4 मीटरचा ओव्हरफ्लो पूल (कडेवरून सांडणारं पाणी चॅनलमधून बॅलन्सिंग टँक नावाच्या बाजूच्या टाकीत जातं, तिथून पंप ते फिल्टरमधून परत पूलमध्ये सोडतो), माणसं फक्त शनिवार-रविवारी. पाणी स्वच्छ, क्लोरीन नियमित, तरी संध्याकाळी कडेला बसवत नाही. वाढीव क्लोरीन टाकू की फॉगिंग (औषधी धुराची फवारणी) करू, हा प्रश्न.

दोन्ही नको. निळ्या, फिरत्या पाण्यात डास सहसा होत नाहीत. ते पूलच्या आजूबाजूच्या पाण्यात होतात. आणि 1 ते 3 पीपीएम (लिटरला तितके मिलिग्रॅम) क्लोरीनने अळ्या हमखास मरतात असंही नाही. त्या शेपटीकडच्या नळीतून वरची हवा घेतात. त्यांना खरा त्रास हलत्या पृष्ठभागाचा. डासांच्या बाबतीत क्लोरीनचं काम शेवाळ, म्हणजे त्यांचं अन्न, वाढू न देणं एवढंच. 10 पीपीएमपर्यंत नेलंत तर डोळे तुमचे चुरचुरतील, डास तेवढेच राहतील.

आधी चावण्याची वेळ बघा. दिवसाढवळ्या, आवाज न करता घोट्यापाशी चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास एडिस. तो काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाही, म्हणजे त्याचं पाणी तुमच्याच आवारात किंवा शेजारी. अंधार पडल्यावर कानाशी गुणगुणणारा बहुधा क्युलेक्स. त्याला घाण पाणी लागतं, म्हणून सेप्टिक टँक आणि सांडपाण्याचा खड्डा बघा. व्हेंट पाइपला जाळी बांधायचा सल्ला आरोग्य खातं दरवर्षी देतं तो याच्यासाठीच.

आता बॅलन्सिंग टँक. अंधार, सावली, बऱ्यापैकी स्वच्छ आणि स्थिर पाणी: शहरी हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनाफिलीस स्टीफेन्सीला आणि एडिसला याहून सोयीची जागा नाही. झाकण उघडून टॉर्च तिरका मारा, पाण्यावर सावली पडू देऊ नका (अळ्या लगेच तळाला जातात), आणि पांढऱ्या मगाने कडेकडेचं पाणी काढा. मग मिनिटभर स्थिर ठेवा. तिरक्या लोंबकळणाऱ्या अळ्या एडिस किंवा क्युलेक्सच्या, पृष्ठभागाला समांतर पडून राहणाऱ्या अ‍ॅनाफिलीसच्या. तळाशी लाल दोऱ्यासारखे किडे दिसले तर घाबरू नका. ती न चावणाऱ्या चिलटांची पिल्लं, गाळ काढला की जातात.

चालू पूलच्या टँकमध्ये पाणी साचतंच कसं? नेहमीचा घोळ असा. बाष्पीभवनाने पातळी उतरते, पंप टँकमधून हवा ओढायला लागतो, आवाज करतो. रखवालदार वैतागून टँकचा वॉल्व्ह बंद करतो आणि पंप फक्त मेन ड्रेनवर, म्हणजे पूलच्या तळाच्या जाळीतून पाणी ओढत, चालवतो. पूल वरून निळाच दिसतो, पण कडेवरून पाणी सांडत नाही, पृष्ठभागावरचा पाला तसाच राहतो आणि टँकमधलं पाणी आठवडाभर हलत नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात; तुमच्या दोन शनिवारांमधलं अंतर बरोबर तेवढंच.

इलाज: टँकला फ्लोट वॉल्व्ह (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा) बसवा, टँकचा पंपाकडचा वॉल्व्ह उघडा ठेवा, पंप चालू असताना चारही बाजूंनी पाण्याचा पातळ थर सांडतोय ना ते बघा. एकाच बाजूने सांडत असेल तर कडेची लेव्हल गेलीय, तिथे गवंडीच हवा. झाकणाच्या फटीला फोमची पट्टी, व्हेंट आणि ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला जाळी, इंचाला 16 ते 18 घरांची. त्याहून मोठ्या घरांतून डास जातो, फार बारीक जाळी पाल्याने तुंबते.

ग्रेटिंगखालचा चॅनल, म्हणजे कडेच्या जाळीखालची पन्हळ, लोक विसरतात. पंप थांबल्यावर तो पूर्ण रिकामा व्हायला हवा. उतार चुकला असेल तर वीतभर लांबीची डबकी राहतात. एडिस अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवतो, आणि ती कोरडी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी काढून भागत नाही. आठवड्यातून एकदा ग्रेटिंग उचलून कडक ब्रशने चॅनलच्या भिंती घासा. तेच टँकच्या भिंतींना, ताडपत्रीच्या घड्यांना, कुंड्यांखालच्या ताटल्यांना. करवंट्या आणि कापलेल्या बांबूची खुंटं उपडी करा किंवा मातीने भरा.

बॅकवॉशचा, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्यावर निघणाऱ्या पाण्याचा, शोषखड्डा दोन-चार वर्षांत गाळाने बसतो. पाणी दोन दिवसांहून जास्त राहत असेल तर खडी काढून धुवा, परत भरा, वर 15 सेमी कोरडी खडी राहील असं बघा. तोवर त्यात बीटीआय (अळ्या मारणारं जिवाणूजन्य औषध), पाकिटावरच्या मात्रेने. बीटीआय अळ्यांनी खाल्लं तरच चालतं. कोष (अळी आणि डास यांमधली अवस्था) काही खात नाहीत, त्यामुळे पहिले दोन दिवस डास निघतच राहतील. औषध खोटं निघालं असं समजू नका. रॉकेल किंवा जळकं ऑइल मात्र पूलच्या वा टँकच्या पाण्यात कधीच नको, फिल्टरची वाळू वाया जाते.

पंपाचं गणित. सरासरी खोली 1.4 मीटर धरली तर पाणी सुमारे 45,000 लिटर. सहा तासांत एक फेरी हवी, म्हणजे ताशी 7,500 लिटर. सकाळी 3 तास आणि संध्याकाळी 6 ते 9, कारण बरेच डास अंडी तिन्हीसांजेला आणि रात्री घालतात. दीड एचपीच्या मोटरला दिवसाला साधारण साडेसहा युनिट. हे वाचवायला आठवडाभर पंप बंद ठेवणं महागात पडतं. तुमचा टायमर साधा फिरत्या तबकडीचा असेल तर दर वेळी लाइट गेली की तेवढा मागे पडतो. बॅटरीवाला घ्या.

क्लोरीन 1 पीपीएमने वाढवायला एवढ्या पाण्याला 65 टक्केवाली क्लोरीन पावडर (कॅल्शियम हायपोक्लोराइट) 70 ग्रॅम, किंवा 10 टक्क्यांचं द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) 450 मिली पुरतं. पीएच 7.2 ते 7.6. टीसीसीएच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्या आणि ही पावडर एकाच डब्यात किंवा एकाच मगाने कधी हाताळू नका, पेट घेते.

पावसाळ्यात पूल बंद ठेवणार असाल तर रिकामा करू नका. भूजल वर आलं की रिकामा पूल खालून उचलला जाऊन तडकतो, आणि तळाला पावसाचं पाणी साचतं ते वेगळंच. भरलेला ठेवा, क्लोरीन थांबवून शून्यावर येऊ द्या, मग चौरस मीटरला पाचेक, म्हणजे दीडशेच्या आसपास गप्पी मासे सोडा. हिवताप विभागाकडे चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतात. शेवाळ जाळीने काढत राहा. शेवाळात लपलेल्या अळ्या माशांना सापडत नाहीत. नंतर मासे ओढ्यात सोडू नका, दुसऱ्या टाकीत हलवा.

फॉगिंगने उडते डास मरतात, अळ्या नाहीत. दोन-तीन दिवसांत नवे हजर. निळ्या दिव्याच्या मशीनमध्ये पतंग जास्त मरतात. त्यापेक्षा खुर्च्यांच्या बाजूला एक पेडस्टल फॅन, पाण्यापासून लांब, आरसीसीबीवर (शॉक बसू नये म्हणून वीज लगेच तोडणारा स्विच). डास कमजोर उडतो, वाऱ्यात टिकत नाही.