अर्धायुष्याची दुप्पट म्हणजे पूर्ण आयुष्य का?

प्रश्न असा आला आहे : "सह्याद्रीच्या खडकांचे वय कसे काढतात यावरच्या लेखात 'युरेनियम-२३८ या समस्थानिकाचे अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षे' असे वाचले. मग पूर्ण आयुष्य ८९४ कोटी वर्षे धरायचे का? आणि समस्थानिक म्हणजे एकाच ठिकाणी सापडणारे का?"

आधी समस्थानिक, कारण त्याचे उत्तर लवकर होते. यातले स्थान जमिनीवरचे नव्हे, मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीतले. रासायनिक गुण तेच, पण वस्तुमान वेगळे, अशा अणूंना सारणीत एकाच घरात बसवावे लागते हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांनी दाखवले. त्यांना नाव हवे होते. ग्लासगोत एका जेवणाच्या वेळी मार्गारेट टॉड या डॉक्टर आणि कादंबरीकार बाईंनी ग्रीक 'आयसोस' म्हणजे सम आणि 'टोपोस' म्हणजे स्थान ही जोडी सुचवली आणि १९१३ मध्ये 'आयसोटोप' छापून आला. मराठीने तोच अर्थ सरळ घेतला. शिशाचे २०४, २०६, २०७ आणि २०८ वस्तुमानाचे अणू, सगळे ८२ क्रमांकाच्या घरात. शब्द चोख आहे. फक्त घर कोणते ते एकदा सांगावे लागते.

अर्धायुष्याचे तसे नाही. तुम्ही केलेली दुप्पट चुकीची आहे, पण ती चूक शब्दानेच करायला लावली आहे. अर्धशतक म्हणजे शतकाचा अर्धा भाग, दोन अर्धशतके झाली की शतक. त्याच चालीने अर्धायुष्य म्हणजे आयुष्याचा अर्धा भाग असाच अर्थ मराठी कान लावणार. प्रत्यक्षात इथे अर्धे होते ते आयुष्य नव्हे, अर्धी होते ती आपोआप बदलून दुसरे मूलद्रव्य होत जाणाऱ्या अणूंची संख्या.

भाच्याला हे समजावताना आम्ही एक रुपयाची ६४ नाणी फरशीवर उधळली. छापा पडेल ते बाजूला काढायचे, उरलेली पुन्हा उधळायची. उरली ३१, मग १७, मग ८, मग ३. दोन फेऱ्यांत खेळ संपला नाही, कारण प्रत्येक फेरीत उरलेल्यांतली निम्मीच जातात. कोणते नाणे कधी जाईल हे सांगता येत नाही, पण फेरीला साधारण किती जातील हे सांगता येते. युरेनियमचे तसेच : ४४७ कोटी वर्षांनी निम्मे उरते, ८९४ कोटींनी पाव, आणखी ४४७ कोटींनी दोन आणे, म्हणजे आठवा हिस्सा. 'पूर्ण आयुष्य' असा आकडा नसतोच.

पूर्वी इंग्रजीतही 'हाफ-लाइफ पिरियड' म्हणत. पुढे पिरियड गळला. मराठी छापील मजकुरात अर्धायुष्य, अर्धायुकाल, अर्धायुष्यकाल असे तिन्ही भेटतात. माझे मत स्पष्ट आहे : 'काल' असलेला शब्द वापरावा, आणि लेखात पहिल्यांदा येईल तिथे 'निम्मे होण्याचा काळ' असे लिहावेच. एवढ्याने वाचकाची अर्धी अडचण सुटते.

आता सह्याद्री. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये विटकरी तांबडा पट्टा दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला 'रेड बोल' म्हणतात. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंतच्या मधल्या काळात हा थर तयार झाला. बेसॉल्टमध्ये झिर्कॉन हे खनिज क्वचितच मिळते, पण अशा काही पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेबरोबर आलेले त्याचे बारीक स्फटिक सापडतात. झिर्कॉन घडताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आज आत सापडणारे शिसे बहुतेक सगळे नंतर युरेनियमपासून झालेले. दख्खनच्या या स्फटिकांत ६ कोटी ६० लाख वर्षांत युरेनियम-२३८ च्या दर १०० अणूंमागे जेमतेम १ अणू शिसे-२०६ झाला आहे. तो एक अणू मोजायचा असतो! शिवाय युरेनियम-२३५ हा त्याच घरातला सोबती ७० कोटी वर्षांत निम्मा होतो आणि शिसे-२०७ देतो. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळे, एकाची वेळ दुसऱ्यावर पडताळायची. याच पद्धतीने प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने २०१५ मध्ये मांडले की दख्खनचे मुख्य उद्रेक डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाले आणि साधारण साडेसात लाख वर्षे चालले.

'सह्याद्रीच्या दगडांचे कार्बन डेटिंग' असे कुठे वाचलेत तर ते चूक समजा. कार्बन-१४ चा निम्मे होण्याचा काळ ५,७३० वर्षे. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही. तेही लाकूड, हाड, लाकडाचा कोळसा अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंचे. बेसॉल्ट कधी सजीव नव्हता.

शेवटी एक जोडशंका, कारण ती येणारच : कोशांत झिर्कॉनला 'गोमेद' हा प्रतिशब्द सापडतो. सराफाकडच्या अंगठीतले गोमेद मात्र बहुधा हेसोनाइट, म्हणजे गार्नेटच्या जातीतले असते. म्हणून भूशास्त्राबद्दल लिहिताना मी झिर्कॉनच लिहिते.